उजेड कुठल्या बाजूने

“लावलाय,” ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपलं बोट अजून बटणावरच आहे, बटण काही दाबलेलं नाही. एवढंच झालं. दिवसभर दातांच्या कवळ्यांच्या कारखान्यात उभं राहून पाय भरून आले होते, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवायची होती, आणि बाबांनी रोजचा प्रश्न रोजच्याच सुरात विचारला होता, “दिवा लावलास का?” तोंडाला उत्तर पाठ होतं, ते पुढे धावलं, हात मागे राहिला. असं कुणाचंही होतं. कुलूप लावलं म्हणून आपण जिना उतरतो आणि किल्ली दारालाच लटकत असते. आता बोट दाबायचं, टक् असा आवाज होणार, बाबा मान उचलून छताकडे बघणार आणि पावती दिल्यासारखं म्हणणार, “हां, आला.” त्यांच्या डाव्या डोळ्याने केव्हाच हात टेकले होते. उजव्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता. त्यातून त्यांना माणूस, भिंत, ताट काही दिसत नसे. उजेड आहे की नाही, एवढंच कळे. पण तेवढ्या कळण्याचा त्यांना केवढा तोरा होता. दिवा आला की ते खुर्चीत सरळ बसत आणि अंगावरची शाल नीट करत, जणू कुणी भेटायलाच आलं आहे. आज त्यांनी मान उचलली, छताकडे बघितलं, आणि “हां” आलं नाही.

बोट दाबायला किती वेळ लागतो? पण तिने दाबलं नाही, कारण ती त्यांचा चेहरा बघत होती. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत हातभर अंतरावर होती, त्यामुळे या खोलीत संध्याकाळ बाहेरच्या आधीच येई. तरी चेहरा दिसण्याइतका उजेड शिल्लक होता. चेहरा आधी थांबला. मग तोंडातल्या कवळीवरून जीभ फिरलेली गालातून दिसली. मग त्यांनी उजवा हात डोळ्यासमोर आणला, हलवला, पुन्हा मांडीवर ठेवला. पुन्हा विचारलं मात्र नाही. पुन्हा विचारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं; ते एकदा विचारत, आणि समोरच्याचं उत्तर काळ्या दगडावरची रेघ. ती या माणसाबरोबर सगळा जन्म राहिली होती, त्याला रागावलेला, तृप्त, आजारी, आईच्या मयतीला कोरड्या डोळ्यांनी उभा राहिलेला, असा सगळा बघितला होता. घाबरलेला कधी बघितला नव्हता. आणि तिला ते गोड लागलं. हे लपवण्यात अर्थ नाही. पोटातून काहीतरी उबदार वर आलं, थकवा गेला, आणि ती बोट अलगद बटणावरून काढून, चपला काढून, काळोखात स्वयंपाकघराकडे गेली. तिथलाही दिवा तिने लावला नाही, कारण त्याचा उजेड इकडे सांडला असता. चाचपडत ताटं काढली, चाचपडत वाढलं. दोघं समोरासमोर बसून जेवली. तिला स्वतःचा घाससुद्धा दिसत नव्हता. बाबा एकदाच म्हणाले, “मीठ कमी आहे.” मीठ खरंच कमी होतं.

हाताला लागणारा काळोख. शास्त्रातले हे शब्द तिला त्या जेवणात आठवले असं म्हणणं खोटं होईल. ते तिला कधी विसरताच आले नव्हते. बाबा प्रार्थनाघरात मुलांना शास्त्र शिकवायचे. मास्तर म्हणूनच सगळी वस्ती त्यांना ओळखायची, आणि मिसर देशावरच्या दहा पीडा, म्हणजे फारो राजा इस्राएली गुलामांना सोडेना म्हणून परमेश्वराने त्याच्या मुलखावर एकामागून एक पाठवलेली संकटं, हा त्यांचा हातखंडा विषय होता. दर आठवड्याला एक पीडा. पाण्याचं रक्त झालं त्या दिवशी ते गढूळ पाण्याचा तांब्या आणून प्रत्येक मुलाला वास घ्यायला लावत. बेडकांच्या दिवशी बरणीत खराखुरा बेडूक. उवांच्या, गोमाशांच्या, गळवांच्या दिवशी मुलं घरी जाऊन अंग खाजवत बसत आणि आया मास्तरांना मनातल्या मनात शिव्या घालत. नवव्या, काळोखाच्या पीडेला ते सगळ्या खिडक्या लावून घेत, फटींना कपडा लावत, आणि म्हणत, आता कुणी जागचं हलायचं नाही. मिसरी लोक तीन दिवस हलले नव्हते, तुम्ही तास काढा. काळोखात कुणीतरी खुदकन हसे. मग त्यांचा आवाज येई, शांत, जवळून, कुठून ते कळू नये असा. “बाकीच्या पीडांनी वस्तू नासते. हिने काहीच नासत नाही. फक्त माणूस माणसाला दिसेनासा होतो. म्हणून ही दहावीच्या, थोरल्या लेकरांच्या मरणाच्या आधी ठेवली आहे. परमेश्वराने फारोला विचार करायला काळोख दिला.” आणि लहानपणी, अशाच एका तासाला, तिने काळोखाच्या आडोशाने विचारलं होतं की बाबा, म्हणजे मास्तर, पण शास्त्रात तर असं आहे की फारोचं मन परमेश्वरानेच कठीण केलं, मग सोडत नाही म्हणाला यात फारोचा काय दोष? मास्तरांनी खिडकीचा कपडा ओढून काढला आणि तास संपवला. घरी गेल्यावर त्यांनी तिचा हात धरून जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी लावली. मारलं नाही; ते कधी हात उगारत नसत, वस्तीत त्यांची ख्याती होती तशी. दाराखालून उजेडाची एक रेघ आत येत होती. ती रेघेला गाल लावून पडली. थोड्या वेळाने रेघ गेली. त्यांनी पोतं दुमडून दाराच्या बुडाशी सारलं होतं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज, पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज, आणि प्रश्न: “लागला का हाताला?” तिने लागला म्हटलं. “कसा आहे?” मऊ आहे, ती म्हणाली. पान उलटलं. खरखरीत आहे, ती म्हणाली. पान उलटलं. स्वयंपाकघरात आई उगाचच भांडी आपटत होती. कडी काढायची तिची छाती नव्हती, पण मी इथे आहे एवढं पोरीला कळावं म्हणून बिचारी कोरडी पातेली एकमेकांवर आदळत राहिली. शेवटी रडून रडून पोरीकडे सांगायला काही उरलं नाही, तेव्हा कडी निघाली. त्यानंतर ती खोली तिच्यासाठी रूढच झाली. खोटं बोलली, खोली. हसली, खोली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनी दिलं नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जरा धास्तावलेलीच होती. सकाळी बाबा चहाचा पेला घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसत, तिथे थोडं ऊन येई. ऊन कळलं तर कालचा दिवाही कळायला हवा होता, बिंग फुटणार. ते बसले. चहा प्यायले. तोंड उन्हाकडे होतं, चेहऱ्यावर काही नव्हतं. “कामाला उशीर होतोय तुला,” एवढंच म्हणाले. म्हणजे ऊनही कळलं नाही, तिने ठरवलं. डोळा खरंच गेला की काय? कारण डोळा जाऊन चालणार नव्हतं. डोळ्यावर तिचं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं. धाकट्या भावाशी बोलणं झालं होतं. भाऊ दूरच्या शहरात, बायको नोकरी करणारी, घर मोठं. भावजय तोंडावर स्पष्ट बोलणारी, तिने सांगितलं होतं, “हे बघा ताई, बाबांना दिसत असेल तर आनंदाने आणा, नातवंडांना शास्त्र शिकवतील, आपलं आपण करतील. पण आंधळ्या माणसाचं माझ्याच्याने होणार नाही. आधीच सांगितलेलं बरं.” त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, आंधळ्या माणसाचं तिच्या स्वतःच्याने तरी कुठे होत होतं? ती आपली करत होती. ऑपरेशन होणार, बाबांना दिसायला लागणार, भाऊ येऊन घेऊन जाणार. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे ती दात जुळवण्याचं काम करी. गिऱ्हाइकाचे उरलेले दात कोणत्या रंगाचे, पिवळसर, करडे, चहाने डागळलेले, त्याला नमुन्याच्या पट्टीतला कोणता दात मिळतो ते खिडकीच्या उजेडात बघायचं. दिव्याखाली सगळे दात सारखेच गोरे दिसतात, आणि मग कवळी तोंडात गेली की माणूस उसनं हसल्यासारखा दिसतो. शेजारच्या टेबलावर मेणवाली बसे, मेणाच्या हिरड्या कोरणारी, तोंडाने अखंड सुरू. “मग बाबा गेले की तू काय करणार गं, ताई?” तिने त्या दिवशी विचारलं. “झोपणार,” ती म्हणाली. “आणि उठल्यावर?” “पुन्हा झोपणार.” मेणवाली खो खो हसली. ती हसली नाही, कारण तिने थट्टा केली नव्हती. झोपायचं, उठायचं, आणि घरात दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू येता कामा नये. या वयात तिला दुसरं काही नको होतं.

तेव्हा त्या संध्याकाळी घरी जाताना तिने ठरवलं होतं की आज गेल्याबरोबर दिवा लावायचा, कालचा विषय संपला. दार उघडलं. खुर्चीतून प्रश्न आला, “दिवा लावलास का?” आणि तिने बटण दाबलं. दिवा लागला. त्याच्या पिवळ्या उजेडात तिला दिसलं की बाबांनी दाढी केलेली आहे, चाचपत, हनुवटीवर कापून घेऊन. शाल आधीच नीट केलेली आहे. मान आधीच वर आहे. ते वाट बघत होते. एखाद्याने इतकी वाट बघावी, आणि ती आपल्या बोटाच्या टोकाशी असावी, हे तिला आधी कधी कळलंच नव्हतं. तिने बटण पुन्हा दाबलं. “लावलाय,” ती काळोखात म्हणाली. मग बाबा म्हणाले, “हं.” बस्स. मग तेच रोज होऊ लागलं. ती येई, ते विचारत, ती लावलाय म्हणे, ते हं म्हणत. पहिल्या दिवसाची भीती त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा आली की नाही हे तिला दिसत नसे, कारण बघायला उजेड नसे. तिला ती कल्पनेनेच चाखावी लागे. आणि गंमत अशी की शिक्षा दोघांनाही सारखीच झाली होती. तीही काळोखात बसे. काळोखात कपडे घड्या करी, काळोखात सुईत दोरा ओवायला जाई आणि बोट टोचून घेई. ढोपरं टेबलाला आपटून निळी झाली. एकदा भिंतीला हात लावून जाताना तिला वाटलं की भिंत संपलीच नाही, आपण जिन्याखालीच आहोत, आणि ती तिथेच उभी राहिली, तोंडातून शब्द जाऊ नये म्हणून ओठ दाताखाली धरून. पाठीमागून बाबा बोलत होते. आताशा ते काळोखात बोलू लागले होते, पूर्वीसारखे, कुणी विचारलेलं नसताना. “लोकांना वाटतं पीडा म्हणजे सूड. मी जन्मभर सांगत आलो, सूड घ्यायचा असता तर एकच पीडा पुरली असती. दहा कशाला? प्रत्येक पीडा म्हणजे एक विचारणं आहे. मोशे देवाचा निरोप घेऊन फारोकडे पुन्हा पुन्हा गेला आणि विचारलं, आता सोडतोस का? आता? देवासारखा देव, पण त्याला त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.” तिने ओठ सोडला. “आणि नाही म्हणाला तर?” “तर पुन्हा विचारायचं,” बाबा म्हणाले. “पोरं विचारायची, कंटाळा नाही का येत देवाला. नाही येत.” पोरं असलं कधी विचारत नसत. एकीनेच विचारलं होतं, आणि ते निराळं होतं. तिने भिंत सोडली आणि आवाजाच्या दिशेने पाणी नेऊन दिलं.

डोळ्यांच्या दवाखान्यातली तारीख जवळ आली तसा तिच्या जिवाला घोर लागला. सूड असा उतू जाऊ द्यायचा नसतो. हांडी आपल्याच चुलीवर असते. बाबांची खात्री पटली असेल की उजेड गेला, तर ते डॉक्टरकडे यायलाच नको म्हणतील, देवाची मर्जी म्हणून बसून राहतील, आणि मग भाऊ कुठला, झोप कुठली. ऑपरेशनच्या तपासणीआधी सांगून टाकायला हवं. कसं सांगायचं ते तिने कारखान्यात दात जुळवताना घोकलं. बाबा, तो बल्बच गेला होता, माझ्या लक्षात आलं नाही. बाबा, मी गंमत केली. गंमत! त्या घरात गंमत हा शब्द शेवटचा कधी बोलला गेला होता? तपासणीच्या आदल्या संध्याकाळी ती घरी आली, आणि प्रश्न यायच्या आधीच म्हणाली, “बाबा, दिव्याचं एक सांगायचं होतं.” “लावलायस ना,” बाबा म्हणाले, “माहीत आहे मला.” “नाही, तसं नाही—” “उद्या लवकर निघायचंय. वाढ मला.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. एक प्रकारचा जिव्हाळाच होता, आणि तोच तिला सोसेना. तिने वाढलं. दिवा लावला नाही, कारण आता लावायचा तर लावला असं म्हणायचं कुठल्या तोंडाने? सांगायचं राहिलं. सकाळी मात्र ते मुकाट्याने तयार झाले, कोट चढवला, टोपी मागून घेतली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. येतायत म्हणजे आशा आहे. गाडीत बसताना तिने त्यांचा हात जरा जास्तच जपून धरला.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, धाकट्या भावाच्या मुलीएवढ्या वाटाव्या अशा, आणि घाईत होत्या. बाहेर बाकांवर डोळ्यांना बोळे लावलेली माणसं दाटीवाटीने बसलेली होती. त्यांनी भिंगातून बघितलं, हुं हुं केलं, आणि तिला उद्देशून म्हणाल्या, “मोतीबिंदू काढणं सोपं आहे. प्रश्न मागच्या नसेचा आहे. ती जिवंत असेल तर आजोबांना दिसेल, नसेल तर काढून उपयोग नाही. बाहुली चिकटलेली आहे, तिच्यावरून काही कळत नाही. तेव्हा आता आजोबा सांगतील तेच खरं.” मग खोलीतला दिवा मालवला आणि हातात छोटी विजेरी घेतली. “आजोबा, मी डोळ्यावर उजेड टाकणार. तो कुठल्या बाजूने येतोय तेवढं सांगायचं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे.” ती भिंतीशी उभी होती. विजेरीचा ठिपका तिला स्वच्छ दिसत होता. वरून आला. “खाली,” बाबा म्हणाले. डावीकडून आला. “उजवीकडे.” खालून. “वर.” उजवीकडून. “डावीकडे.” बाईंनी सुस्कारा टाकला आणि पुन्हा केलं, क्रम बदलून. पुन्हा सगळी उत्तरं चुकली. एकही बरोबर आलं नाही. “आजोबा, अंदाजाने ठोकू नका हं. कळत नसेल तर नाही म्हणा.” “मग कळत नाही म्हणा,” बाबा म्हणाले. आणि भिंतीशी उभ्या असलेल्या तिने सगळी उत्तरं मनात पुन्हा मोजली. आंधळा माणूस अंदाजाने बोलला तरी एखादं उत्तर चुकून बरोबर येतं. सगळीच्या सगळी उलटी यायला डोळ्याला दिसावं लागतं. वर कुठे, खाली कुठे, डावं उजवं, बाबांना सगळं लख्ख कळत होतं, आणि ते एकेक उत्तर उचलून उलटं ठेवत होते. “डॉक्टर, त्यांना कळतो उजेड,” ती म्हणाली. आवाज फारच मोठा निघाला. बाईंनी दिवा लावला. “घरी कळतो का? संध्याकाळी दिवा लावला की सांगतात का लागला म्हणून?” तिने तोंड उघडलं. बाबांनी त्यांचं पांढरं बुबुळ तिच्या दिशेने वळवलं आणि अगदी हळू, दमलेल्या म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाले, “बरेच दिवस झाले, बाई. पोर बिचारी रोज दिवा लावते, लावलाय म्हणून सांगते. मला काही कळत नाही. विचारा तिलाच.” बाई तिच्याकडे बघू लागल्या. दारातून आत डोकावणारा मदतनीस बघू लागला. आता बोलायचं, एवढंच होतं. मी दिवा लावत नव्हते. चार शब्द. ती चार शब्दांशी उभी राहिली आणि तिला या परक्या, स्वच्छ कपड्यांतल्या मुलीचा चेहरा दिसला, आत्ता दमलेला आणि दयाळू; चार शब्दांनंतर तो कसा होईल तेही दिसलं. “असंच आहे का?” बाईंनी विचारलं. “हो,” ती म्हणाली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, तिच्या दंडाला हात लावला, आणि म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही पुष्कळ करताय त्यांचं.”

फाटकाबाहेर आल्यावर ती थांबली. ऊन सणसणीत होतं. बाबांनी त्या उन्हाकडे तोंड केलं आणि पापण्या आकसल्या, कुणाच्याही आकसतात तशा. आता लपवायची त्यांना गरजच नव्हती. “कधी कळलं तुम्हाला?” तिने विचारलं. “दुसऱ्या दिवशी सकाळी. ऊन होतं तसंच होतं. आणि संध्याकाळी बटण दोनदा वाजलं.” ते थोडे हसले. “पहिल्या रात्री मात्र घाबरलो. तेवढं तुला लाभलं.” बस गेली, तिच्या मागून दुसरी गेली. “मग मी रोज विचारत होतो,” बाबा म्हणाले. “रोज. तुला रोज वाव होता. लहानपणी मला विचारलं होतंस ना, परमेश्वराने मन कठीण केलं तर दोष कुणाचा. तुझं मन मीच कठीण केलंय, मला ठाऊक आहे. जिन्याखाली बसवून बसवून केलं. तरी दोष तुझाच. हे तेव्हा तुला कळण्यासारखं नव्हतं.” त्यांचा आवाज वर्गातला होता, शांत आणि समाधानी, आणि तिला कळलं की तिने आयुष्यात स्वतःच्या बुद्धीने केलेली एकुलती एक गोष्ट, वाईट का होईना पण तिची, तीही त्यांनी काढून घेऊन आपल्या खाती जमा केली आहे. “आणि डोळा?” ती म्हणाली. “स्वतःचा डोळा घालवलात, तो कशासाठी?” “तुला सुटायचं होतं. धाकट्याकडे टाकून मोकळी होणार होतीस. फारोकडून शेवटी काय घेतलं? ज्याच्यावर त्याचा जीव होता तेच.” ती बघत राहिली. कोट, टोपी, तिने स्वतः दात जुळवलेली कवळी. तिला रडू आलं नाही. तिला एकदम सगळं सोपं दिसलं आणि ती म्हणाली, “बाबा, तुम्ही चुकताय. सुटायचं होतं ते फारोला नव्हतं. फारो तर धरून ठेवणारा. तुम्ही जन्मभर शिकवलंत आणि तुम्हाला एवढं कळलं नाही? तुम्ही सोडत नाही. फारो तुम्ही आहात.” बाबांचं तोंड किंचित उघडलं. कवळी आत हलली. मास्तरांना उत्तर सुचलं नाही असं ती दुसऱ्यांदा बघत होती. पहिल्या वेळी त्यांच्याजवळ अडगळीची खोली होती.

पिशवीत फोन वाजत होता. भाऊच असणार, काय म्हणाले डॉक्टर म्हणून; ती सांगेल, आणि तो म्हणेल, मग ताई, आता तुझ्याकडेच. तिने तो वाजू दिला. गाडी रस्त्याच्या पलीकडून मिळायची. तिने बाबांचा हात धरला आणि कडेशी आणलं, पण तिथे आल्यावर बाबांनी हात सोडवून घेतला. रागाने असेल. बोटं एकेक करून सोडवली आणि कोटाच्या खिशात घातली. “मला धरायला नको,” ते म्हणाले. “रस्ता मोकळा आहे का तेवढं सांग.” तिने दोन्हीकडे नीट बघितलं. लांब चौकात वाहनं अडून उभी होती. पार पलीकडपर्यंत रस्ता रिकामा होता, उन्हात पांढरा, एक मूलसुद्धा एकटं गेलं असतं. “मोकळा आहे,” ती म्हणाली. बाबांनी पाऊल उचललं, आणि खाली टेकवलं ते तिथेच. मान तिच्याकडे वळली. कपाळावर घाम होता. “खरंच?” त्यांनी विचारलं. उभ्या आयुष्यात त्यांनी हा शब्द तिला विचारला नव्हता. कुणालाच विचारला नव्हता. “खरंच, बाबा. चला.” ते हलले नाहीत. ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिला पहिल्या संध्याकाळची ती ऊब पोटात शोधूनही सापडत नव्हती. “शपथ घेते,” ती म्हणाली. “आईची शपथ. रस्ता मोकळा आहे.” दवाखान्यातून बाहेर पडलेली एक बाई डोळ्याला बोळा लावलेल्या नवऱ्याला दंडाला धरून त्यांच्या शेजारून गेली आणि बोलत बोलत पलीकडे पोचलीसुद्धा. चौकातली वाहनं सुटली. आवाज जवळ येऊ लागला तसे बाबा एक पाऊल मागे सरले. “आता?” त्यांनी विचारलं. “आता नाही,” ती म्हणाली, आणि ते तिच्याकडे कान करून, याचं तरी काय समजायचं अशा चेहऱ्याने, रस्त्याच्या कडेला उभे राहिले.